खतावणी उशिरा बोलते

दिवाळीच्या आगेमागे अकोला-अमरावतीकडच्या कापसाच्या जिनांमध्ये काटापूजन होते. पहिल्या गाडीच्या कास्तकाराला शेला-नारळ मिळतो, ट्रॅक्टरला हार पडतो आणि मुहूर्ताचा म्हणून बाजारापेक्षा चढा भाव पुकारला जातो. हा भाव मानाचा आहे, उद्या तो मिळणार नाही, हे देणाऱ्यालाही कळते आणि घेणाऱ्यालाही. गंमत अशी की वर्षाच्या उरलेल्या दिवसांत हेच शहाणपण आपण गुंडाळून ठेवतो. धंदा वाढवायचा, आखडायचा की त्याचे उद्दिष्टच बदलायचे, हे छोटा उद्योजक एक तर भाव पाहून ठरवतो, नाही तर खतावणीत तोटा दिसल्यावर. भाव फार लवकर बोलतो आणि खतावणी फार उशिरा. बदलाची वेळ ओळखायची तर तिसरीकडे पाहावे लागते: आपल्या फाटकातून काय आत येते, कुठून येते आणि वर्षातले किती दिवस येते, याकडे.

वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास याला साक्षी आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव आभाळाला भिडले. युद्ध संपताच ते कोसळले. मुंबईच्या शेअरबाजारात भलेभले बुडाले. त्याच दशकात वऱ्हाडात रेल्वेही आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळकडून येणारा मार्ग अकोला-बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये नागपूरला पोचला. भाव गेला, रूळ राहिले. पुढे इथे जिन-प्रेस उभे राहिले ते या रुळांच्या भरवशावर. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी शकुंतला रेल्वेही कापसासाठीच सुरू झाली. नंतर माल ट्रकवर चढला आणि १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावलेली ती गाडी आठवणींच्या लेखांपुरती उरली. भाव चढणे-उतरणे ही एक गोष्ट. रस्ता, कायदा किंवा पेरा बदलणे ही वेगळी. पहिलीत कळ काढता येते. दुसरीत कळ काढत बसणारा माणूस स्टेशनावर एकटा उरतो.

कायद्याचे उदाहरण तर अनेकांच्या स्मरणातले आहे. १९७२ मध्ये राज्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली आणि जिनमालक कापसाचा व्यापारी राहिला नाही. सरकारी खरेदीचा कापूस रेचून, म्हणजे सरकी वेगळी करून, देणारा झाला. घेण्या-विकण्यातली कमाई गेली, रेचाईचा दर आला. योजना वर्ष-दोन वर्षांत बारगळेल या आशेवर जो हातावर हात ठेवून बसला असता, त्याला जवळपास तीस वर्षे बसावे लागले असते. पुढे २००० मध्ये केंद्राचे कापूस तंत्रज्ञान अभियान आले, जिन-प्रेसच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळू लागले आणि ‘जास्त कापूस रेचणे’ याऐवजी ‘स्वच्छ रुई देणे’ हे उद्दिष्ट झाले. डबल रोलर बसले, अंगणात पसरलेला ढीग टोपल्यांनी वाहण्याऐवजी कन्व्हेयर आला. दोन्ही वेळा बदलाची खूण खतावणीत नव्हती, ती फाटकावर होती. आधी माल कोणाचा हे बदलले, नंतर माल कसा हवा हे.

आजची खूण शेतात आहे. कापूस हातानेच वेचावा लागतो आणि वेचणी किलोला दहा रुपयांच्या आसपास गेली आहे. म्हणजे क्विंटलला हजार रुपये. २०२५-२६ च्या लांब धाग्याच्या ८,११० रुपये हमीभावातला जवळपास आठवा हिस्सा. सोयाबीन शंभर-एकशे दहा दिवसांत निघते, मळणीयंत्रातून थेट पोत्यात जाते आणि रान हरभऱ्याला मोकळे होते. कास्तकार सोयाबीनकडे का वळला, याचे आश्चर्य वाटायला नको. त्यात २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने झोडपल्यापासून कृषी विद्यापीठ आणि कृषी विभाग कानीकपाळी ओरडत आहेत की फरदड, म्हणजे हंगामानंतर पऱ्हाटी ठेवून उशिराचा कापूस, घेऊ नका, वेळेत पऱ्हाटी उपटा. हा सल्ला कास्तकारासाठी असतो, पण जिनमालकाच्या दृष्टीने ती नोटीसच आहे. फरदड थांबली म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या गाड्या थांबल्या.

याचा हिशेब मांडून पाहू. समजा एका जिनचा वर्षाचा ठरलेला खर्च, म्हणजे व्याज, विमा, विजेचा स्थिर आकार, चौकीदार, १५ लाख आहे आणि दिवसाला ५०० क्विंटल कापूस रेचला जातो. जिन १२० दिवस चालला तर हा खर्च क्विंटलमागे २५ रुपये पडतो. ७५ दिवस चालला तर ४० रुपये. रेचाईच्या धंद्यात पंधरा रुपये ही थट्टा नव्हे. तरीही हा फरक त्या वर्षीच्या खतावणीत दिसेलच असे नाही, कारण क्विंटलभर कापसातून रुई निघते साधारण ३४ किलो आणि सरकी साठ किलोंच्या वर. नावाने जिन, पण पोट पुष्कळदा सरकीवर. सरकीची ढेप म्हटली की अकोला. एनसीडीईएक्सवरचे ढेपेचे वायदेसुद्धा अकोला हे मूळ केंद्र धरून चालतात. एखाद्या वर्षी सरकी-ढेप तेजीत राहिली की आखडलेला हंगाम झाकला जातो, ताळेबंद हसरा दिसतो आणि मालक नव्या शेडचे कर्ज काढतो. पुढच्या वर्षी सरकी मऊ झाली की दोन्ही घाव एकदम बसतात. लोक मग म्हणतात, अचानक बसला गडी. अचानक काही झालेले नसते.

यावर पहिला आक्षेप येईल तो चिकाटीचा. दर वर्षी वारा पाहून शीड फिरवणारा कुठेच पोचत नाही, हे खरे. तुरीने ते दाखवून दिले. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली आणि जो तो तुरीच्या मागे लागला. देशातले तुरीचे उत्पादन २०१५-१६ मध्ये सुमारे २५ लाख टन होते. ते पुढच्याच वर्षी ४८ लाख टनांवर गेले. हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये, बाजारभाव त्याखाली आणि खरेदी केंद्रांबाहेर पोत्यांच्या थप्प्या. दोनशेचा भाव पाहून ज्याने दालमिलची मशिनरी नोंदवली असेल, त्याची मशिनरी हीच थप्पी बघायला आली असणार. पण हे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. तो मुहूर्ताच्या भावाला भुलला. फाटकावर काहीच बदलले नव्हते. चिकाटी हवी ती भावाच्या चढउतारात. पेराच बदलला असताना तसेच बसून राहण्याला चिकाटी म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: बदलायला पैसा लागतो. सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट जिनच्या नावावर, मशिनरी तारण, आणि बँकेला ‘आता दुसरे काही करतो’ म्हटले की साहेब आधी फाइल बंद करतो. शिवाय बदलायचे तर कशात? सोयाबीनमध्ये तेल अठरा-वीस टक्केच. ते साध्या घाण्याने परवडत नाही, सॉल्व्हंट प्लांट लागतो, आणि तो छोट्याच्या आवाक्यातला नाही. हे सगळे मान्य. पण उद्दिष्ट बदलणे म्हणजे धंदा विकून दुसरा मांडणे, हा समजच आधी सोडायला हवा. जिनकडे धर्मकाटा आहे, शेड आहे, वीज आहे, हमाल आहेत, पन्नास गावांतल्या कास्तकारांशी आणि अडत्यांशी ओळख आहे. आणि वर्षातले सात-आठ महिने यातले बरेचसे रिकामे पडून असते. सोयाबीन-हरभऱ्याची सफाई-प्रतवारी, साठवण, बियाणे प्रक्रिया ही कामे याच अंगणात होऊ शकतात. महाबीजचे मुख्यालय अकोल्यात आहे, तेव्हा बियाण्याचा धंदा इथे नवखा नाही. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दालमिल तर छोट्या भांडवलासाठीच बनली. रेचणे बंद करायचे असे नाही. वर्षाच्या कमाईतला रेचाईचा वाटा किती धरायचा, तो आकडा बदलायचा. आणि तो बदल लिमिट थकण्याआधी मागितला तर बँक निदान ऐकून घेते. आजोबांच्या नावाचा जिन बंद कसा करावा, या भावनेवर वाद घालण्यात अर्थ नाही. फक्त आजोबांनीही रेचाईचा दर पत्करला होता, एवढे ध्यानात ठेवावे.

आता अमरावतीजवळ नांदगाव पेठला पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क होते आहे. २० सप्टेंबर २०२४ ला वर्ध्याच्या कार्यक्रमात त्याचे भूमिपूजन झाले, आणि कापसाचे दिवस परत येणार असे चौकाचौकांत बोलले जाते. येतीलही. मोठी सूतगिरणी जवळ आली तर तो रस्ता बदलण्यासारखाच प्रकार ठरेल. पण अचलपूरची फिनले मिल २०२० पासून बंद आहे, हेही याच जिल्ह्यातले वास्तव. भूमिपूजनाला तूर्त काटापूजनाइतकेच मोल द्यावे आणि सूतगिरणीचा माणूस रुईचा नमुना मागायला दारात आला की त्याची नोंद करावी. तोवर आपला हिशेब तपासायला मे महिना बरा. रोलर उतरवलेले असतात, सीसीचे नूतनीकरण तोंडावर असते आणि काट्याच्या पावत्यांची बंडले कपाटात पडलेली असतात. त्यातून तीन आकडे काढावेत: जिन किती दिवस चालला, गाड्या किती गावांतून आल्या आणि शेवटची गाडी कोणत्या तारखेची. पाच वर्षांच्या पावत्या जपलेल्या असतील तर एका दुपारचे काम आहे.