दवाखान्याचे पाणी आणि आपली सचोटी

आपल्या समाजातील अनेक तरुण आज पाणी शुद्ध करण्याच्या धंद्यात आहेत. कोणी घरोघरी फिल्टर बदलतो, कोणी आर. ओ. मशीन बसवतो, कोणाचे सुट्या भागांचे दुकान आहे, तर कोणी थंड पाण्याचे जार पोहोचवतो. फार भांडवल लागत नाही, हातात कसब असले की चार पैसे मिळतात. मात्र आता गल्लोगल्ली अशी दुकाने झाली आहेत आणि भावाची घसरण सुरू आहे. अशा वेळी याच धंद्याच्या एका शाखेकडे आम्ही व्यापारी व कारागीर बंधूंचे लक्ष वेधू इच्छितो. ही शाखा म्हणजे दवाखान्यांतील हत्यारे निर्जंतुक करणाऱ्या यंत्रांना लागणारे पाणी. यात रोजी आहे, पण जबाबदारीही मोठी आहे. त्या जबाबदारीविषयीच आम्हाला अधिक बोलायचे आहे.

दाताच्या डॉक्टरकडे, बाळंतपणाच्या दवाखान्यात किंवा लहानशा शस्त्रक्रियागृहात ऑटोक्लेव्ह नावाचे यंत्र असते. प्रेशर कुकरचाच तो मोठा भाऊ समजावा. फ्रान्सचे शास्त्रज्ञ चार्ल्स चेंबरलँड यांनी १८७९ मध्ये ते तयार केले. बंद भांड्यात दाबाखाली वाफ कोंडली की तिचे तापमान १०० अंशांच्या वर जाते. १२१ अंशांवर साधारण १५ मिनिटे किंवा १३४ अंशांवर ३ मिनिटे हत्यारे त्या वाफेत राहिली म्हणजे जंतू आणि त्यांची चिवट बीजेही मरतात. साध्या उकळत्या पाण्याने हे काम होत नाही. धनुर्वाताच्या जंतूची बीजे उकळत्या पाण्यातही तग धरू शकतात. म्हणून ऑटोक्लेव्ह बंद पडला आणि डॉक्टरने 'आजचा दिवस उकळून घेऊ' असे म्हटले, तर त्या दिवशीचा रुग्ण धोक्यात असतो आणि त्याला त्याची कल्पनाही नसते.

आता ऑटोक्लेव्ह बंद का पडतो? पुष्कळ वेळा त्याचे कारण पाणी असते. आपल्या दख्खनच्या पठारावर बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड आहे. ते तापले की त्यातील चुना वेगळा होऊन हीटरवर बसतो. पाण्याची वाफ होते, पण क्षार मागेच राहतात, आणि रोज नवे पाणी भरले की रोज त्यात थोडी भर पडते. थराखाली हीटरची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, हीटर जळतो, झडपा अडकतात, तापमान मोजणारा सेन्सर चुकीचे दाखवू लागतो. पाण्यातील क्लोराइडमुळे स्टीलवर बारीक खड्डे पडतात. कात्री आणि चिमट्याच्या सांध्यात पांढरा किंवा तांबूस थर बसतो. अशा खड्ड्यांत आणि थरांत घाण अडकून राहते आणि तेथे वाफ नीट पोहोचत नाही.

ही गोष्ट आपल्या कारागिरांना नवी नाही. मालेगाव, भिवंडी आणि इचलकरंजीच्या सायझिंगमध्ये बॉयलरवर काम केलेल्या माणसाला क्षारांचा थर म्हणजे काय ते विचारून पाहा. मोटारीच्या बॅटरीचे काम करणारा पोरगाही बॅटरीत नळाचे पाणी घालत नाही. जी काळजी आपण बॅटरीची घेतो, ती माणसाच्या शरीरात जाणाऱ्या हत्यारांची घ्यायला नको का?

पूर्वी यावर एकच उपाय होता, तो म्हणजे डिस्टिल्ड वॉटर. ही तर अर्क काढण्याचीच रीत आहे. जाबिर बिन हय्यान यांच्यासारख्या मुस्लिम रसायनतज्ज्ञांनी ही विद्या वाढवली आणि कनौजचे अत्तरवाले आजही डेग-भपक्यावर तीच वापरतात. पाण्याची वाफ करायची, ती थंड करून पुन्हा पाणी करायचे, क्षार भांड्यातच राहतात. पाणी उत्तम मिळते, पण वीज फार लागते. विकतचे कॅन घ्यावेत तर त्यांचा खर्च कायमचा आणि आत नेमके काय आहे याची खात्री डॉक्टरला नसते.

आर. ओ. म्हणजे रिव्हर्स ऑस्मॉसिस. मनुका पाण्यात टाकली की फुगते, कारण तिच्या सालीतून पाणी आतल्या गोड रसाकडे ओढले जाते. आर. ओ.मध्ये याच्या उलट केले जाते. क्षाराच्या पाण्यावर पंपाने दाब देऊन ते अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलतात, पाणी पलीकडे जाते आणि बहुतेक क्षार अलीकडे राहतात. १९६० च्या सुमारास अमेरिकेत सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी असा पहिला उपयोगी पडदा बनवला. आजचा चांगला पडदा ९५ ते ९८ टक्के क्षार अडवतो. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २००८ मध्ये दातांच्या दवाखान्यांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यातही स्टरिलायझरसाठी आर. ओ.चे पाणी चालते.

पण येथेच सर्वांत मोठी चूक होते. घरातले पिण्याचे आर. ओ. आणि ऑटोक्लेव्हचे आर. ओ. हे एक नव्हे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टी. डी. एस.ची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम ठेवली आहे. लहान ऑटोक्लेव्हसाठी युरोपच्या ईएन १३०६० या मानकात पाण्याची कंडक्टिव्हिटी फार तर १५ मायक्रोसिमेन्स सांगितली आहे. आपल्या खिशातल्या टी. डी. एस. मीटरवर ती ७ ते १० च्या आसपास दिसते. म्हणजे जे पाणी पिण्यास उत्तम, ते ऑटोक्लेव्हसाठी निकामी असू शकते.

हिशेब करून पाहू. बोअरचा टी. डी. एस. ८०० आहे आणि पडदा ९५ टक्के क्षार अडवतो, तर खाली ४० उरतात. ९८ टक्के अडवले तरी १६ उरतात. दोन्ही वेळा मर्यादा ओलांडली जाते. म्हणून अशा गावी आर. ओ.च्या पुढे डी. आय. रेझिनचे कार्ट्रिज लावावेच लागते. त्यातच घरगुती मशीनमध्ये चवीसाठी टी. डी. एस. कंट्रोलर असतो, जो थोडे कच्चे पाणी पुन्हा शुद्ध पाण्यात मिसळतो, किंवा मिनरलचे कार्ट्रिज असते. ऑटोक्लेव्हच्या पाण्यात या दोन्हींना स्थान नाही. एका हाताने क्षार काढायचे आणि दुसऱ्या हाताने घालायचे, याला काय अर्थ आहे?

आमच्या माहितीतील एका तालुक्याच्या गावची गोष्ट सांगतो. तेथील दाताच्या दवाखान्यात दर काही महिन्यांनी ऑटोक्लेव्हचा हीटर जळत असे. दुरुस्तीला येणारा कारागीर आपल्यातलाच, कामात हुशार. तो हीटर बदलायचा, पैसे घ्यायचा आणि जायचा. एकदा डॉक्टरांच्या ओळखीच्या एका जुन्या बॉयलरवाल्याने सहज मीटर लावून पाहिले, तर काटा ९० च्या पुढे. पिण्यासाठी बसवलेल्या मशीनचेच पाणी यंत्रात जात होते आणि कंट्रोलर अर्धा उघडा होता. कारागिराला विचारले तेव्हा तो म्हणाला, "मला ठाऊक होते, पण डॉक्टरसाहेबांनी कधी विचारले नाही."

बंधूंनो, आमचा सगळा मुद्दा या एका उत्तरात आहे. त्याने हीटर नवा आणि असली बसवला, मजुरी ठरलेलीच घेतली, खोटे एक अक्षर बोलला नाही. तरीही दुसऱ्या खेपेपासूनची ती कमाई साफ नव्हती, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या बिघाडाचे मूळ आपल्याला माहीत आहे, ते ग्राहकापासून लपवून त्याच बिघाडावर पुन्हा पुन्हा मजुरी घेणे ही सचोटी नव्हे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनातील बाजारचा प्रसंग आपण मशिदीत अनेकदा ऐकला आहे. धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला, तर आतून ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असा प्रश्न त्यांनी त्याला केला. विचार करा, त्या विक्रेत्यानेही 'धान्य कोरडे आहे' असे तोंडाने म्हटले नव्हते. त्याने फक्त दोष नजरेआड राहू दिला होता. धान्याच्या ग्राहकाला निदान हात घालून पाहता तरी येते. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या रुग्णाला तेवढेही शक्य नाही. पाणी स्वच्छ दिसते, चवीला गोड लागते, हत्यार चकाकते. दोष पाहण्याचे साधन फक्त आपल्याजवळ आहे. म्हणून सांगण्याची जबाबदारीही आपलीच.

यावर काही व्यापारी म्हणतील की खरे सांगून महागडी जोडणी सुचवली तर डॉक्टर शेजारच्या दुकानात जातो. ही अडचण खोटी नाही. स्पर्धा आहे, उधारी आहे, आणि काही डॉक्टरही स्वस्ताच्याच मागे असतात. पण डॉक्टरला दरपत्रक देण्याआधी त्याच्यासमोर मीटर लावा. नळाचे पाणी, सध्याच्या मशीनचे पाणी आणि डी. आय.चे पाणी असे तीन पेले ठेवा आणि तिन्ही आकडे त्याला स्वतः वाचू द्या. सोबत मागील दोन वर्षांत हीटर आणि झडपांवर किती गेले, त्याची बिले काढायला सांगा. इतके करूनही तो नको म्हणाला, तर आपण सांगितल्याची नोंद बिलावर करावी आणि उठावे. गेलेले गिऱ्हाईक पुष्कळदा तिसऱ्या हीटरनंतर परत येते, आणि ते तुमच्यावर विश्वास ठेवून येते.

ज्यांना हे काम धरायचे आहे त्यांच्यासाठी काही गोष्टी येथे सांगतो.

पहिली, पाणी आधी मोजा, मग मशीन ठरवा. लहान दवाखान्याला दिवसाला काही लिटरच पाणी लागते, त्यामुळे मोठे मशीन गळ्यात मारू नका.

दुसरी, कार्बन फिल्टर वेळेवर बदला. नगरपालिकेच्या पाण्यातील क्लोरीन पडद्याला खाते. पडदा गेला की मशीन चालू दिसते, पण काम करत नाही.

तिसरी, आर. ओ.चे पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे, हे डॉक्टरला स्पष्ट सांगा. जंतू मारण्याचे काम वाफेचे आहे. क्लोरीन निघून गेलेले पाणी टाकीत दिवसेंदिवस साठले तर त्यात जंतू वाढतात. ते वाफेने मेले तरी त्यांचे काही विषारी अवशेष ऑटोक्लेव्हच्या उष्णतेनेही नष्ट होत नाहीत. म्हणून टाकी लहान व झाकलेली असावी आणि यंत्रातील उरलेले पाणी दिवसअखेर काढून टाकावे.

चौथी, वही ठेवा. तारीख, मीटरचा आकडा, काय बदलले आणि सही. देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा सूरह बकरामध्ये आहे. त्या आज्ञेचा आपल्या धंद्यात याहून सोपा उपयोग कोणता? दोन वर्षांची अशी वही हीच तुमची जाहिरात ठरेल.

पाचवी, आर. ओ.चे वाया जाणारे पाणी गटारात सोडू नका. ते शुद्ध पाण्याच्या दुप्पट-तिप्पट असते. फरशी आणि संडास धुण्यासाठी त्याची वेगळी टाकी जोडून द्या. वुजू करतानाही पाणी जपून वापरण्याची शिकवण असलेल्या समाजाने ही काळजी आधी घ्यावी.

आणि शेवटची, आपली मर्यादा ओळखा. ऑटोक्लेव्हचे काम जमले म्हणून डायलिसिसच्या पाण्याला हात घालू नका. तेथे पाणी आणि रुग्णाचे रक्त यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. १९९६ मध्ये ब्राझीलमधील कारुआरू शहरात डायलिसिसच्या पाण्यात शेवाळाचे विष राहिले आणि ५० हून अधिक रुग्ण दगावले. त्या कामाचे शिक्षण वेगळे आहे, ते घेतल्याशिवाय पैसे घेणे म्हणजे जिवाशी खेळ.

मिरजेचे उदाहरण आपल्यासमोर आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांचा धंदा राजेरजवाड्यांबरोबर बसू लागला, तेव्हा एकोणिसाव्या शतकात त्यांनी सतार आणि तंबोरा बनवण्याची कला हाती घेतली. त्यांच्या वाद्यांचे नाव दूरवर झाले, कारण भोपळ्याच्या आत, जेथे कोणी पाहत नाही, तेथेही त्यांचा हात तितकाच स्वच्छ चालला. त्याच मिरजेत १८९४ साली डॉ. वानलेस यांनी रुग्णालय सुरू केले आणि आज ते दवाखान्यांचे शहर म्हणून ओळखले जाते. अशा प्रत्येक शहरात, प्रत्येक तालुक्याच्या गावी ऑटोक्लेव्ह आहेत आणि त्यांच्या पाण्याकडे पाहणारा जाणता माणूस हवा आहे.

तो माणूस आपल्यातला असावा, अशी आमची इच्छा आहे. पण तो असा असावा की डॉक्टरने विचारण्याआधी त्याने सांगितले पाहिजे. अल्लाह आपल्या कारागिरांच्या हाताला यश देवो आणि त्यांच्या रोजीत बरकत देवो.