बंदीच्या तोंडावर नवा फ्रीज? आधी जुना नीट बघा

१ जून ते ३१ जुलै गोव्यात यांत्रिक मासेमारी बंद. घरात पैसा येणार नाही आणि नेमका याच दिवसांत जुना फ्रीज कुरकुरायला लागतो. मग दुकानदार हप्त्यांचा कागद पुढे करतो. आमचं मत स्पष्ट आहे: बंदीच्या तोंडावर हप्ता अंगावर घेऊ नका. दहा-बारा वर्षांचा फ्रीज थंड करत नाही म्हणजे तो मेलाच असं नाही.

आधी दाराचं रबर बघा. दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटली तर तिथून थंडावा बाहेर जातोय. बऱ्याचदा रबर फाटलेलं नसतं, खाचेत मळ आणि माशाचं पाणी सुकून चिकटलेलं असतं. कोमट साबणाच्या पाण्याने पुसा. दबलं असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं थोडा वेळ दाबून धरा, पुष्कळदा ते परत फुगतं. तरीही नोट सुटली तर नवं रबर घाला, नव्या फ्रीजपुढे तो खर्च काहीच नाही.

मग मागची काळी जाळी. प्लग काढून मऊ ब्रशने धूळ झाडा आणि फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे घ्या. आतली उष्णता तिथूनच बाहेर पडते, वाट बंद झाली की कॉम्प्रेसर दिवसभर चालतो आणि बिल वाढतं. आपल्याकडे खारी हवा, जाळीला गंज लवकर चढतो. पण तिथे पॉलिश पेपर घासू नका, नळी बारीक असते. खालच्या पत्र्याच्या गंजाला मात्र होडीचा उरलेला रेड ऑक्साइड खुशाल लावा!

बर्फ सुरीने खरवडणारे आपल्यात कमी नाहीत. एक टोचा लागला की गॅस गेला. होडीचं भोक रेझिनने बुजतं, फ्रीजरचं तसं बुजत नाही, कारण तोवर आत हवा आणि ओल शिरलेली असते. बर्फ बोटभर जाड होण्याआधी फ्रीज बंद करून वितळू द्या.

गॅस आणि वायरिंगला मात्र हात लावू नका. आजकालच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए गॅस असतो, तो स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचा, पेट घेणारा. आणि "गॅस संपला, भरून देतो" म्हणणाऱ्याला विचारा, गेला कुठून? फ्रीजचा गॅस वापरून संपत नाही, गळती असते. ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. दरवर्षी गॅस भरावा लागत असेल, तर तिथे आमचाही जुन्याचा हट्ट नाही.

हे सगळं सांगायचं खरं कारण वेगळं आहे. पुरुमेंताला आपण बांगडे, तारल्या, कुपा ठेवतो. फ्रीज अर्धवट थंड असला तर या मासळीत हिस्टामीन तयार होतं. वास येईलच असं नाही, आणि शिजवून, तळून ते जातही नाही. तोंड लाल होतं, अंगावर पुरळ येतं, डोकं दुखतं, छातीत धडधडतं. घरची माणसं म्हणतात, मासे बाधले. असं झालं तर ती मासळी टाका आणि डॉक्टरकडे जा.

फ्रीजर उणे १८ अंशांवर आणि खालचा कप्पा ५ अंशांच्या आत हवा. पावसात वीज जाते, तेव्हा एक युक्ती करा: वाटीत पाणी गोठवून वर नाणं ठेवा. नाणं खाली बुडालेलं दिसलं तर मधल्या वेळात सगळं वितळून परत गोठलंय, मग ती मासळी खाऊ नका.

सोसायटीने दोन थर्मामीटर घेऊन ते पाळीपाळीने घरोघर फिरवावेत, असं आम्हाला वाटतं. बंदीआधीच्या बैठकीत हा विषय ठेवतोय. ज्यांचे फ्रीज जुने आहेत त्यांनी जरूर यावं, बायकांनी तर नक्की यावं, कारण फ्रीजची खरी माहिती त्यांनाच असते.