दाखल क्रमांक नसलेलं पुस्तक

चौतीस वर्षं मी ग्रंथालयात तालिकीकरणाचं काम केलं. निवृत्त झाल्यावर एक खोका एका ग्रंथालयाला भेट द्यायला नेला आणि तसाच परत आणला. भाच्याने अमेरिकेहून आणलेला तो खुनाच्या रहस्याचा पार्टी-खेळ होता. आठ पात्रांच्या आठ पुस्तिका, निमंत्रणपत्रं, पाकिटांतले पुरावे, एक कॅसेट. ‘हे खेळणं आहे, याला दाखल क्रमांक कसा देणार?’ असं मला सांगण्यात आलं. माझ्या मते हे पुस्तकच आहे, आणि ग्रंथालयात त्याला जागा मिळायलाच हवी.

या खेळांचं एक मूळ पुस्तकांच्या दुकानातच सापडतं. १९३६ साली लंडनच्या हचिन्सन प्रकाशनाने डेनिस व्हीटली आणि जे. जी. लिंक्स यांचं ‘मर्डर ऑफ मायामी’ काढलं, किंमत साडेतीन शिलिंग. १९७९च्या पुनर्मुद्रणाची प्रत मी हाताळली आहे. उघडल्यावर हातात येते ती पोलिसांची फाइल. तारा, टाइप केलेले जबाब, छायाचित्रं, शिवाय केस, आगकाडी आणि डाग पडलेल्या पडद्याचा तुकडा. शेवटची पानं सीलबंद. आधी स्वतः खुनी ठरवायचा, मग सील फोडायचं. या पुस्तकाच्या लाखावर प्रती खपल्या. एवढ्या प्रतींत एकेक काडी नि एकेक केस भरताना बांधणी करणाऱ्यांचे किती हात लागले असतील! १९३९ पर्यंत अशा आणखी तीन फाइली निघाल्या.

मग युद्ध आलं. बर्मिंगहॅमचे अँथनी प्रॅट पूर्वी हॉटेलांत पियानो वाजवत. तिथे पाहुणे खुनाचे खेळ खेळत, ते त्यांच्या लक्षात राहिलं होतं. त्यावरून त्यांनी पटावरचा खेळ रचला आणि १९४४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. युद्धानंतरच्या टंचाईमुळे तो खेळ वॉडिंग्टन्स कंपनीचा ‘क्लूडो’ म्हणून बाजारात यायला १९४९ उजाडलं. त्यात पत्ते पिसले की खुनी बदलतो, म्हणून एकच पट पिढ्यान्‌पिढ्या पुरतो.

१९८५ साली अमेरिकेतल्या डेसायफर कंपनीने ‘हाउ टू होस्ट अ मर्डर’ ही मालिका सुरू केली. ‘द वॉटर्सडाउन अफेअर’ हा तिचा पहिला भाग. इथे कथा लिहिलेली आणि खुनी ठरलेला. एकदा पाकीट फुटलं की त्याच मंडळींना तो खेळ पुन्हा खेळता येत नाही, नवी कथाच आणावी लागते. म्हणजे हा धंदा चालतो तो कादंबऱ्यांच्या मालिकेसारखा. लेखक, संपादक, छपाई, नवं शीर्षक सगळं आलं. मग खोक्यात आहे म्हणून पुस्तकपण कसं जातं?

आणि एकदाच वापरायचं म्हणूनच ते जपायची घाई आहे. उत्तर कळल्यावर खोका माळ्यावर जातो आणि माळ्यावरून रद्दीत. आपण हे एकदा भोगलं आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, लोकांनी त्या भाड्याने आणून फाटेस्तोवर वाचल्या. ‘हलकं वाचन’ म्हणून त्या सांभाळल्या गेल्या नाहीत, आणि आज त्यातल्या कित्येक शोधून मिळत नाहीत. लोक रात्री जागून काय वाचत होते, याचा पुरावाच आपण हरवला. निदान मोठ्या ग्रंथालयांनी अशा खेळांची एकेक प्रत ठेवावी, आतले कागद मोजून त्यांची यादी करावी आणि फुटलेल्या सीलासकट ती जपावी.

परत आणलेला खोका मी घरी उघडला आणि सवयीने कागद मोजले. आठही पुस्तिका होत्या. एकीत माझ्या मोठ्या जाऊबाईंचं पेन्सिलीतलं अक्षर दिसलं. आम्ही घरी हा खेळ खेळलो त्या रात्री त्यांना श्रीमंत विधवेची भूमिका आली होती. इंग्रजी वाक्य वाचून दाखवायला अडखळायला नको, म्हणून प्रत्येक ओळीशेजारी त्यांनी आपलं मराठी वाक्य लिहून ठेवलं होतं. जाऊबाई आता नाहीत. त्या पुस्तिकेला मी माझ्या वहीत क्रमांक दिला आहे.