विकर्ण आणि बाकीची सभा

25 नोव्हेंबर ते 10 डिसेंबर हे सोळा दिवस जगभर स्त्रियांवरील हिंसेच्या विरोधात पाळले जातात. बेळगावातही फलक लागतात, फेऱ्या निघतात, भाषणे होतात. 2023 साली हे सोळा दिवस संपले आणि त्याच रात्री, 11 डिसेंबर उजाडण्याआधी, होस वंटमुरीत एका आईला घरातून ओढून काढण्यात आले. तिचा मुलगा आणि गावातली एक मुलगी घर सोडून गेले होते. मुलीच्या नातलगांनी त्याचा राग मुलाच्या आईवर काढला. तिला विवस्त्र केले, गावातून फिरवले, विजेच्या खांबाला बांधून मारले. निपाणीकडून बेळगावला येणाऱ्या प्रत्येकाला वंटमुरीचा घाट ठाऊक आहे. त्या दिवसांत याच जिल्ह्यात, सुवर्ण विधानसौधमध्ये, राज्याचे हिवाळी अधिवेशन भरले होते.

दुसऱ्या दिवशी बहुतेक वर्तमानपत्रांनी ‘धिंड’ हा शब्द वापरला. मराठीत धिंड निघते ती गुन्हेगाराची. हिचा गुन्हा काय होता? आपल्या बातमीदारीच्या भाषेतच जमावाची बाजू अशी नकळत येऊन बसते. ‘अब्रू लुटली’ हा शब्दप्रयोगही त्यातलाच. जे लुटले गेले म्हणतो ते तिच्याकडेच शाबूत असते. गेलेली असते ती मारणाऱ्यांची आणि बघणाऱ्यांची.

बघणारे होते. 50-60 माणसे तिथे असल्याचे उच्च न्यायालयासमोर आले. त्यांतला एकच जण पुढे झाला, आणि त्यानेही मार खाल्ला. कर्नाटक उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली तेव्हा मुख्य न्यायमूर्ती होते प्रसन्न वराळे, जन्माने निपाणीचे. सुनावणीत द्रौपदीची आठवण निघाली: तिच्या हाकेला कृष्ण तरी धावून आला, इथे कोणी आले नाही. आम्हाला मात्र कृष्णापेक्षा विकर्ण आठवतो. भीष्म, द्रोण, विदुर बसलेल्या त्या सभेत कौरवांपैकी उठून ‘हा अधर्म आहे’ म्हणणारा तो एकटा. त्याला कर्णाने पोरसवदा ठरवून गप्प केले. वंटमुरीच्या विकर्णाला लाथाबुक्क्यांनी गप्प केले. खंडपीठाने बघ्यांच्या सामूहिक जबाबदारीचा मुद्दा काढला, गावावर दंड बसवण्याचा इंग्रजी अमदानीतला दाखला दिला, तो याचसाठी.

पुढे पोलीस निरीक्षक निलंबित झाला, तपास सीआयडीकडे गेला, सरकारने 5 लाख रुपये आणि 2 एकर 3 गुंठे जमीन जाहीर केली. पण न्यायालयाच्या ज्या आदेशाची चर्चा सर्वांत कमी झाली तो आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. इस्पितळात तिला भेटायला पुढाऱ्यांची, शिष्टमंडळांची, कॅमेऱ्यांची रीघ लागली होती. डॉक्टरांच्या परवानगीशिवाय कोणीही तिला भेटू नये, असे न्यायालयाला सांगावे लागले. रात्री एक सोडून कोणीही पुढे न येणारा समाज दिवसा सांत्वनाला झुंबड करतो, आणि तीही तिला जखमच होते. आधार द्यायचा म्हणजे आधी तिच्या खाटेपासून चार पावले मागे सरायचे, ती बोलेल तेवढेच ऐकायचे, आणि तिला काय हवे ते तिलाच विचारायचे. घरच्यांनीही, पोलिसांनीही, आमच्यासारख्या अग्रलेख लिहिणाऱ्यांनीही.

या भागाला स्त्रीच्या देहावरचा गावाचा हक्क नवा नाही. यल्लम्माची सौंदत्ती याच जिल्ह्यातली. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला कोल्हापूरकडच्या यात्रेच्या गाड्या निपाणीवरून तिकडेच जातात. यल्लम्माच्या नावाने मुलगी ‘देवाला सोडणे’ म्हणजे काय, हे इथल्या प्रत्येक जुन्या माणसाला न सांगता कळते. तिच्यावर होणाऱ्या बळजबरीला कोणी बळजबरी म्हणत नसे. गळ्यात मोती बांधले की सगळे धर्माच्या खात्यावर जमा. कायदे झाले: मुंबई इलाख्याचा 1934 चा, कर्नाटकाचा 1982 चा. पण प्रथा जेवढी हटली ती केवळ कायद्याच्या वहीने नव्हे. चिकोडी तालुक्यातल्या कब्बूरच्या सीतव्वा जोडट्टी यांना सातव्या वर्षी देवाला सोडले होते. पुढे त्या घटप्रभेच्या ‘मास’ या संस्थेच्या आघाडीवर उभ्या राहिल्या. 1997 साली स्थापन झालेली ही संस्था देवदासी राहिलेल्या बायकांचीच. घरोघर जाऊन, मुलगी सोडू पाहणाऱ्या आईबापांसमोर बसून त्यांनी हे काम केले. 2018 साली सीतव्वांना पद्मश्री मिळाली.

निपाणीचीही अशीच एक आठवण आहे. तंबाखूच्या वखारींत तळहात भाजेपर्यंत राबणाऱ्या बायकांची संघटना सुभाष जोशींच्या पुढाकाराने उभी राहिली आणि त्यांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या स्त्रीवादी चित्रपट-गटाने 1982 साली माहितीपटही केला. मजुरी, तास, संडास, मुकादमाची जीभ आणि हात, सगळ्यांचा हिशेब त्या एकत्र बसून मांडत. एकटीने मांडला असता तर दुसऱ्या दिवशी तिला वखारीचे दार बंद. शंभरजणींना दार बंद करता येत नाही. त्या वखारींतल्या म्हाताऱ्या आज निपाणीच्या गल्ल्यांत बसलेल्या दिसतात. सोळा दिवसांच्या कार्यक्रमांच्या व्यासपीठावर त्यांना बोलावल्याचे आम्ही तरी पाहिलेले नाही.

आता थोडे आमच्याच लोकांना. आपण सीमाभागातली मराठी माणसे 1956 पासून 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळतो. फलकांवरची भाषा, सातबाऱ्याची भाषा, शाळेची भाषा, सगळ्यांसाठी लाठ्या खाल्ल्या. पण खानापूरच्या किंवा निपाणीच्या एखाद्या मुलीवर अतिप्रसंग झाला आणि ती ठाण्यात उभी राहून मराठीत रडली, तर कागदावर कन्नडमध्ये काय उतरते, हा प्रश्न आपल्या निवेदनांत कधी वर आला का? फिर्याद राज्यभाषेत लिहिली जाणार, हे समजण्यासारखे आहे. पण ती वाचून दाखवलीच पाहिजे, असे कायदा म्हणतो. आणि जिला कळत नाही त्या भाषेत वाचून दाखवणे म्हणजे न वाचणेच. बलात्काराच्या तक्रारीत जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा आहे. तो मोबाइलवर ध्वनिचित्रमुद्रित करण्याची सोयही नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. मुद्रणात तिचे शब्द तिच्याच भाषेत राहतात. एवढी एक गोष्ट मागायला मोर्चा लागत नाही, शेजारी बसलेली एक जाणकार बाई लागते.

सीमेचा आणखी एक काच आहे. निपाणीची मुलगी कागलच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाते, कोगनोळी नाका ओलांडून रात्री परत येते. वाटेत काही घडले तर ‘ही हद्द आमची नाही’ हे उत्तर दोन्ही बाजूंना तयार असते. 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 व्या कलमाने ते उत्तर बंद केले आहे. गुन्हा कुठेही घडो, कोणत्याही ठाण्याने नोंदवायचा आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायचा. बलात्कारासारख्या गुन्ह्याची नोंद न घेणाऱ्या पोलिसालाच भारतीय न्याय संहितेच्या 199 व्या कलमाखाली सश्रम कारावास आहे. सरकारी असो की खासगी, कोणत्याही दवाखान्याने तिच्यावर मोफत उपचार करायचे आहेत. गर्भधारणा आणि एचआयव्ही टाळण्याची औषधे 72 तासांच्या आत पोटात जायला हवीत. ठाण्यांच्या हद्दीच्या वादात नेमके हेच तास जातात. आणि ‘टू-फिंगर’ तपासणी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा एकदा निषिद्ध ठरवली आहे, हे डॉक्टरला सांगायची वेळ आलीच तर सोबतच्या बाईला ते माहीत असावे.

निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव इथल्या प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या दारात आणि ठाण्याच्या भिंतीवर एवढा मजकूर रंगवायला किती खर्च येईल? 112, महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098, बाकी चार ओळी. ग्रामपंचायत करू शकते, तरुण मंडळ गणपतीच्या वर्गणीतून करू शकते. मजकूर कन्नडमध्येही हवा आणि मराठीतही. वर कोणती भाषा आणि खाली कोणती, हा वाद रंग वाळल्यावर घालू.