चमक आणि गंज

दसऱ्याच्या संध्याकाळी आपल्या दसरा चौकात मेबॅक मोटार येते. छत्रपती घराण्यातील मंडळी तीतून उतरतात, सोने लुटले जाते आणि पुढे वर्तमानपत्रात त्या गाडीचे छायाचित्र छापून येते. एवढी जुनी गाडी अजून कशी लखलखते, याचे सर्वांना कौतुक असते. ती लखलख कोणाच्या तरी मनगटातून आलेली आहे, असा विचार त्या गर्दीत सहसा कोणी करीत नाही. माझ्या मनात तो हटकून येतो, कारण वयाच्या तेराव्या वर्षापासून मी जुन्या गाड्यांना मेण लावीत आलो आहे. आपल्या वार्षिकात कविता, प्रवासवर्णने आणि देशापुढील प्रश्न यांना तोटा नसतो. तेव्हा एका मेणाच्या डब्याला दोन पाने मिळाली तर वाचकांची फारशी हरकत नसावी.

माझ्या मामाचे उद्यमनगरात छोटे गॅरेज आहे. छोटे म्हणजे पत्र्याची शेड, एक हौद आणि दोन गाड्या कशाबशा मावतील एवढी जागा. नव्या गाड्या कंपनीच्या सर्व्हिसिंगला जातात. मामाकडे येतात त्या ज्यांना कोणी विचारीत नाही अशा. प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बॅसडर, क्वचित एखादी जुनी जीप. पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात होत असे आणि तो कारखाना उभारणारे वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे. अ‍ॅम्बॅसडर कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची, तिचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले. रविवारी आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी तेथे जात असे. आईच्या जुन्या सुती लुगड्यांची फडकी घेऊन जायचो. धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याइतके चांगले फडके बाजारात मिळत नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

मेण लावणे हे काम पाहणाऱ्याला सोपे वाटते. डबा उघडावा, फासावे, पुसावे. पण गाडी उन्हात तापली असेल तर मेण पत्र्यावर वाळून चिकटते आणि मग निघता निघत नाही, म्हणून काम सावलीत, सकाळी. धूळ बसलेल्या गाडीला कोरडे फडके लावणे म्हणजे तिच्यावर वाळू घासणे. आपल्याकडे रोज सकाळी गल्लोगल्ली हेच चालते. धुण्याच्या पावडरीने गाडी धुतली तर आधीचे मेण उतरते. डांबराचे ठिपके रॉकेलच्या बोळ्याने, रबराच्या पट्ट्यांना ग्लिसरीन, बंपरच्या क्रोमवर गंजाची टिपके आली असतील तर पाण्यात भिजविलेल्या चांदीच्या कागदाने हलक्या हाताने घासायचे. मेणाचा थर अगदी पातळ हवा. जाड लावणारा नवखा. थर पांढुरका झाला की पुसून काढायचा, आणि मग पाणी टाकले तर त्याचे मणी होऊन ते घरंगळत खाली येतात.

चांगल्या मेणात कार्नोबा असते. ब्राझीलच्या ईशान्य भागात, जेथे पाऊस कमी, तेथे एक ताडासारखे झाड होते. पाने सुकू नयेत म्हणून ते स्वतःच पानांवर मेणाचा थर धरते. पाने वाळवून, झोडपून ते मेण काढतात. ऐंशी अंशांच्या वर तापल्याशिवाय ते वितळत नाही. हे मी कुठेतरी वाचून मामाला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "म्हंजी झाड आतलं पानी राखतंय, आनि आपन भायेरचं पानी रोखतोय." भूगोलाच्या तासाला एवढे नेमके वाक्य मी ऐकलेले नाही.

पहिल्यांदा एका लाल पद्मिनीला पॉलिश करताना माझ्या फडक्याला लाल रंग लागला आणि मी घाबरलो. जुन्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक थर नसतो. ऊन लागून वरचा रंग मरतो, पांढरट पडतो. पॉलिश म्हणजे तो मेलेला पापुद्रा घासून काढणे. खालचा रंग उघडा पडतो आणि गाडी नवी दिसते. म्हणजे प्रत्येक पॉलिशबरोबर गाडीचा थोडा रंग जातो! मेण मात्र काही नेत नाही, ते वर बसून राहते. हा भेद गिऱ्हाइकाला कळत नाही. त्याला चमक हवी असते, ती आजच्या आज हवी असते. एका ठिकाणी मशीन लावून अशीच चमक काढून आणलेली अ‍ॅम्बॅसडर आमच्याकडे आली होती. मडगार्डच्या कडांवर रंग संपून खालचा अस्तराचा थर दिसू लागला होता. मालक खूष होते. मामाचा नियम याच्या उलट. "आदी दारं बग, मग बॉनेट. रंग खाऊन चमक काडू नगंस."

दारे बघ म्हणजे काय, हे मला ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कळले. मी आठवीत होतो. व्हीनस कॉर्नरच्या बाजूला पाणी चढले आणि एका निवृत्त डॉक्टरांची १९८१ ची पद्मिनी तीन दिवस बॉनेटपर्यंत बुडून राहिली. त्याच गल्लीतील एकाने पाणी ओसरताच आपल्या नव्या गाडीची किल्ली फिरविली. सिलिंडरमध्ये पाणी होते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे आतला दांडा वाकला आणि इंजिन उघडावे लागले. मामाने डॉक्टरांना किल्लीला हात लावू दिला नाही. चारही प्लग काढले, गाडी गिअरमध्ये टाकली आणि आम्ही तिघांनी ती ढकलली. प्लगच्या भोकांतून पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या. ऑइल काढले तर दुधाळ चहासारखे.

पण माझ्या लक्षात राहिली ती दारे. आतले पुठ्ठे काढले तेव्हा दारांच्या पोटात वीतभर गाळ निघाला. काचेच्या फटीतून पावसाचे पाणी दारात नेहमीच उतरते, ते निघून जावे म्हणून दाराच्या खालच्या कडेला लहान भोके ठेवलेली असतात. ती भोके बुजली की पाणी आत साचते आणि पत्रा आतून सडतो. बाहेर मात्र रंग शाबूत असतो. वर्षभराने रंगाला फोड येतो, नखाने खरवडले तर बोट आरपार जाते. मी सायकलच्या स्पोकने एकेक भोक मोकळे केले, आतून पाणी मारले, दोन दिवस दारे उन्हात उघडी ठेवली, मग आतल्या पत्र्याला ग्रीस आणि तेलाचा हात दिला. हे काम कोणाला दिसत नाही. त्याचे छायाचित्र येत नाही. पण जुलै २०२१ ला पुन्हा पूर आला, त्यानंतरचे इतके पावसाळे गेले, आणि त्या दारांना आजवर फोड आलेला नाही.

यंदा अर्थशास्त्राच्या तासाला आम्हांला घसारा शिकविला गेला. धंद्यातील मोटारीवर आयकराच्या नियमाने वर्षाला १५ टक्के घसारा, तोही दर वर्षी उरलेल्या किमतीवर. मी वहीत गणित करून पाहिले. एक लाखाची गाडी चाळीस वर्षांनी हिशेबात सुमारे दीडशे रुपयांची उरते. दीडशे रुपयांत आज मेणाचा बरा डबा येत नाही. तास संपल्यावर मी सरांना विचारले, की ज्या हातांनी ती गाडी टिकविली ते हात या हिशेबात कोठे आहेत? सरांनी शांतपणे सांगितले की देखभाल खर्चाच्या बाजूला धरली जाते. घसारा ही वेगळी बाब आहे. हिशेबाच्या दृष्टीने सरांचे म्हणणे बरोबर आहे. तरीही माझे समाधान झाले नाही. देखभाल ही ज्यांची भाकरी आहे त्यांनाही ती केवळ खर्च म्हणूनच शिकावी लागते, हे मला खटकते.

कायद्याचीही तऱ्हा अशीच. जुलै २०२१ मध्ये व्हिन्टेज गाड्यांचे नियम आले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ स्वरूपातील गाडी २०,००० रुपये भरून व्हिन्टेज म्हणून नोंदविता येते. साध्या खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर पुन्हा करावी लागते. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून एकदम ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपलीकडच्या गाड्यांसाठी ती आणखी वाढविण्यात आली. म्हणजे डॉक्टरांची पद्मिनी ना धड व्हिन्टेज, ना धड चालू. मान मिळायला वय कमी, दंड बसायला वय जास्त! जुन्या इंजिनांचा धूर नव्यापेक्षा अधिक, त्यांत सुरक्षेची साधनेही फारशी नाहीत, हे मी नाकारीत नाही. अशा गाड्या रोज रस्त्यावर धावाव्यात असेही माझे म्हणणे नाही. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस बंद झाल्या तेव्हा पुष्कळांनी हळहळीचे लेख लिहिले. त्यांतल्या किती जणांना दिवसभर त्या टॅक्सीत स्टिअरिंगवरचा गिअर ओढावा लागला होता, कोण जाणे. माझे म्हणणे एवढेच, की फी ठरविताना गाडीचे साल बघता, तसे कधी तिच्या दारांची खालची कडही बघा. आठशे रुपयांची निष्काळजी आणि चाळीस वर्षांची निगा यांना एकच दर कसा?

आता थोडे घरचे. आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारा मी पहिलाच. आप्पा गुळाच्या बाजारात हमाली करतात. माझ्या नखांतले काळे त्यांना सहन होत नाही. "ह्ये असलं हात घिऊन पेपर लिवनार व्हय?" असे ते विचारतात. मला त्यांचा राग येत नाही. ज्या कामाने त्यांची पाठ वाकली त्यापासून मला लांब ठेवावे, एवढेच त्यांना कळते, आणि ते खरेही आहे. राग येतो तो आपल्या वर्गातील बोलण्याचा. स्नेहसंमेलनात श्रमप्रतिष्ठेवर भाषण करून बक्षीस मिळविणारा माझा एक मित्र मला गॅरेजच्या दारात पाहून दुसऱ्या बाजूने निघून गेला. कमवा व शिका योजनेचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. पण कमावण्यातही शिकणे असते, आणि पुष्कळदा ते वर्गातल्यापेक्षा अवघड असते, हे आपण कबूल करीत नाही. गंज कोठून सुरू होतो हे ओळखायला मला तीन वर्षे लागली. अपूर्णांक त्याहून लवकर आले होते.

डॉक्टरांच्या गाडीची नोंदणी यंदा संपते आहे. त्यांचा मुलगा पुण्याहून येऊन म्हणाला, भंगारात देऊन टाका. डॉक्टरांनी मामाला विचारले आणि मामाने मला पाठविले. मी गाडीखाली आडवा झालो, बॅटरी धरली आणि पान्याने सबंध तळ ठोकून पाहिला. डाव्या मागच्या चाकाच्या वर हातभर पत्रा बदलावा लागेल, बाकी तळ खणखणीत वाजतो. तसे मी कागदावर लिहून दिले, अंदाजे खर्चासह. निर्णय अजून झालेला नाही. तोवर येत्या रविवारी मी तिच्या दारांची भोके मोकळी करायला जाणार आहे. आप्पांना तसे सांगितले आहे. ते जा म्हणाले नाहीत, आणि नकोही म्हणाले नाहीत.