रडकं गाणं

गणपतीत देऊळघाटला गेलो होतो. दुपारी जेवून जरा आडवा झालो, तर भाचा मोबाईल घेऊन आला. "मामा, हे आयका न."

ऐकलं. मशीनचा एकसुरी ठोका, त्यावर बास गिटार, लांबून आल्यासारखा सिंथेसायझर आणि विहिरीच्या तळातून गाणारा माणूस. भाषा रशियन. बँडचं नाव मोल्चात दोमा, म्हणजे 'घरं गप्प आहेत'. बेलारूसमधल्या मिन्स्क शहरातला हा बँड. अशा गाण्यांना पोस्ट-पंक, डार्कवेव्ह म्हणतात म्हणे. (मलाही त्याच दिवशी कळलं, हसू नका.) त्यांचं 'सुदनो' २०२० मध्ये टिकटॉकवरून जगभर गेलं. शब्द बोरिस रिझी या रशियन कवीचे. ज्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, त्यांनीही ते डोक्यावर घेतलं.

मला मात्र तो आवाज ओळखीचा वाटला. आपल्याकडची बेंजो पार्टी आठवा. कॅसिओ, ऑक्टापॅड आणि माइकवर भरपूर इको! मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजनचा पहिला अल्बम १९७९ साली आला, त्यात मार्टिन हॅनेट या निर्मात्याने ड्रमला असाच इको चढवला होता. आणि आपला बेंजो तरी कुठला आपला? जपानमध्ये १९१२ साली निघालेल्या तैशोगोतो नावाच्या वाद्याचं ते इकडचं रूप. तेव्हा 'हे परक्यांचं संगीत' हे म्हणणं काही मला पटत नाही.

भाचा एका पार्टीत कॅसिओ वाजवतो. लग्नात, मिरवणुकीत, लोक म्हणतील ती सिनेमाची गाणी. घरी आला की रात्री स्वतःची गाणी करतो, आपल्या वऱ्हाडीत. बापाच्या सोयाबीनवर, पुण्याकडे कंपनीत गेलेल्या मित्रावर. त्याने एका मंडळाकडे पंधरा मिनिटं मागितली. दोन-तीन पोरं आणखी तयार होती. उत्तर आलं, "सणासुदीत रडकं गाणं नको."

त्या बैठकीत मीही होतो. मी मान डोलावली. हे लिहायला बसलो ते त्यासाठीच.

२००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात बुलढाणा होता. तेव्हापासून आपल्या दुःखावर भाषणं झाली, बातम्या आल्या, याद्या निघाल्या. पण 'मी', 'माझा बाप', 'आमचं वावर' असं म्हणत ते कोणी स्टेजवर गायचं म्हटलं की आपल्याला संकोच वाटतो. आपल्या आज्या जात्यावर गायच्याच की, पण पहाटे, घरात, एकट्या.

आणि स्टेजचीही परंपरा आहेच. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक स्वतः रचलेली गाणी घेऊन आयुष्यभर गावोगाव फिरले. आपलं जगणं आपल्याच शब्दांत, आपल्याच माणसांपुढे. मिन्स्कच्या पोरांनी याहून वेगळं काय केलं?

ताईची काळजी वेगळी आहे. "असलं आयकून पोरगं अजून उदास झालं तं?" प्रश्न खोटा नाही. जॉय डिव्हिजनचा गायक इयन कर्टिस याने १९८० साली, तेविसाव्या वर्षी आत्महत्या केली. गाणं म्हणजे औषध नव्हे, हे मान्य. पण बंद खोलीत हेडफोन लावून ऐकणारं पोर आणि चाळीस माणसांपुढे गाणारं पोर यांत मला फरक दिसतो. दुसऱ्याचं निदान आपल्याला ऐकू येतं. कार्यक्रम संपल्यावर त्याच्या पाठीवर हात ठेवून "जेवला का रे?" एवढं तरी कोणी विचारतं.

लाउडस्पीकरला रात्री दहाची मर्यादा आहे, तीही पाळता येईल. डीजेच्या भिंती लागत नाहीत. एक छोटा हॉल, दोन स्पीकर, सतरंजी. दहा दिवसांतला एक तास गावच्या पोरांच्या स्वतःच्या गाण्यांना द्यायला काय हरकत आहे? आवडली नाहीत तर नाही आवडली.

पुढच्या वर्षी बैठकीत हे बोलणार आहे. नातेवाईक मंडळी हे वाचतातच, म्हणून आधीच जाहीर लिहून ठेवतो, म्हणजे ऐनवेळी पुन्हा मान डोलावता येणार नाही.

भाच्याला अजून सांगितलेलं नाही. त्याने हे वाचलं तर त्याला कळेलच.