आजीचे गाडगे आणि फुलपाखरे

फुलपाखरू म्हटले की आपणा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना कविता आठवते. मला मात्र अलीकडे आजीचे बियाण्याचे गाडगे आठवते. वाचकांना हा संबंध विचित्र वाटेल, म्हणून सविस्तर सांगते.

आमचे मूळ गाव सोलापूर जिल्ह्यातले. वडील हमालीसाठी पुण्यात आले. कॉलेजची पायरी चढणारी घरातली मी पहिलीच. आजी सांगते, १९७२ च्या दुष्काळाआधी आमच्या रानात एकट्या ज्वारीचेच कितीतरी प्रकार होते. मालदांडी होती, दगडी होती, हुरड्याची गूळभेंडी होती. दुष्काळात खायचेच वांधे झाले, तिथे बियाणे कोण राखणार? गाडगी रिकामी झाली. पुढे पाऊस आल्यावर आजीने माहेराहून पदरात बांधून थोडे बी आणले आणि तेच सगळ्या भावकीने पेरले. रान पुन्हा हिरवे झाले. पण सारी कणसे एकाच गाडग्यातली! मग चिकटा पडला तो सगळ्यांवर सारखाच पडला.

ग्रंथालयात हिमयुगाविषयी वाचताना मला हीच गोष्ट पुन्हा भेटली. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी उत्तर युरोप बर्फाखाली होता. तिथली फुलपाखरे दक्षिणेला स्पेन, इटली आणि बाल्कन प्रदेशांत तग धरून राहिली. बर्फ वितळल्यावर त्यांतली थोडी उत्तरेकडे सरकली आणि त्यांचीच प्रजा तिकडे पसरली. म्हणून जुन्या आसऱ्याच्या जागी जनुकांची विविधता जास्त, तर उत्तरेत कमी आढळते. गॉडफ्रे ह्यूइट या शास्त्रज्ञाने २००० साली ‘नेचर’मध्ये अनेक प्राणी-वनस्पतींच्या आधारे हा इतिहास मांडला. ‘चॉकहिल ब्लू’ या फुलपाखराचे तर दोन वंश, एक इटलीकडून आणि दुसरा बाल्कनकडून आलेला, जर्मनीत एकमेकांना भेटतात. दिसायला फुलपाखरू एकच. पण दोघांचे माहेर वेगळे!

आपल्या दख्खनवर बर्फाची चादर नव्हती. पण त्या काळी मोसमी पाऊस दुबळा झाला, हवा थंड व कोरडी झाली, दमट जंगले आक्रसली. समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता; श्रीलंका जमिनीने भारताशी जोडलेली होती. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाचे ओले डोंगर हे अनेक जीवांचे आसरे ठरले. नीलगिरी आणि पळणीच्या उंच माळांवर ‘नीलगिरी क्लाउडेड यलो’ हे पिवळे फुलपाखरू राहते. त्याचे भाऊबंद थेट हिमालयात! मधल्या सपाटीवर कोणी नाही. असे तुटक नातेसंबंध कसे निर्माण झाले? १९४९ साली डॉ. सुंदरलाल होरा यांनी ओढ्यांतील माशांवरून असे सुचवले, की हिमयुगात सातपुड्याच्या रांगेने जीव पूर्वेकडून सह्याद्रीपर्यंत आले. म्हणजे आपला मेळघाट या वाटेवर पडतो. हा सिद्धान्त सर्वच जीवांना लागू पडत नाही, वाद आहेतच. पण हवा पालटली तेव्हा सरकायला वाट मिळाली ते जीव वाचले, हे खरे.

आता माझे मत. २०१५ साली महाराष्ट्राने ‘ब्लू मॉरमॉन’ला राज्य फुलपाखराचा मान दिला. आनंद आहे. पण आपण नेहमी नावे मोजतो. अमुक जाती आहेत, तमुक संपल्या. एकाच नावाखाली किती वेगवेगळे वारसे आहेत, हे कोण विचारतो? नाव टिकूनही आतले गाडगे रिकामे होऊ शकते.

आणि आज हवा पुन्हा पालटते आहे. या वेळी फार झपाट्याने, आणि माणसामुळे. सरकायचे म्हटले तर वाटेत शहर आहे. वेताळ टेकडीतून रस्ता आणि बोगदे काढावेत की नाही, यावर पुण्यात वर्षानुवर्षे वाद चालू आहे. काहीजण म्हणतात, फुलपाखराला पंख आहेत, जाईल उडून. पण खायला झाड आणि टेकायला सावली नसेल तर पंख काय कामाचे? टेकड्यांची रांग हीच त्यांची वाट. तिचे तुकडे पडले की प्रत्येक तुकड्यावर एकेक गाडगे तेवढे उरते.

हे लिहिणे मला सोपे नाही. आमची वस्तीच एका टेकडीच्या उतारावर आहे. घर कोणाला नको? टेकडीवर हक्क सांगताना गरिबाची झोपडी तेवढी दिसते आणि बंगले, रस्ते दिसत नाहीत, हाही अन्याय मी पाहिला आहे. पण राहायला जागा देणे आणि उरलेली टेकडी सलग राखणे ही दोन्ही कामे एकाच शहराची आहेत. एकासाठी दुसऱ्याचा बळी मागणारा मला पटत नाही.

आजी अजूनही गाडग्यात राख घालून बी ठेवते. पेरायला आता पुण्यात रान नाही. मी विचारले, कशाला ठेवतेस? ती म्हणाली, “अगं, काय येईल पुढं, कुणाला ठावं?”

हिमयुगातून फुलपाखरे वाचली, त्यामागचे शहाणपण मला याहून वेगळे वाटत नाही.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला